मॅट काळा की पिवळा? कोकणातल्या उजेडात पाहून ठरवा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यातला आंबा बागायतदार असून आमचा कॅनिंगचा लहानसा कारखाना आहे. वय ५२. अनेक वर्षे पैसे बाजूला टाकून यंदा एका इटालियन कंपनीची दोन आसनांची सुपरकार नोंदवली आहे. (गाडीचे नाव कृपया छापू नये.) २५ जूनपर्यंत रंग कळवायचा आहे आणि त्यानंतर बदल होणार नाही. मला मॅट काळा बरा वाटतो, कारण तो फार डोळ्यांवर येणार नाही. सौभाग्यवतींना पांढरा हवा आहे. तो उन्हात कमी तापेल असे त्यांचे म्हणणे आहे. लाल घेतलास तर एसटी आल्यासारखी वाटेल, असे वडील म्हणतात. मुलाला तीन थरांचा मोतिया नारिंगी आवडला आहे, नाहीतर गाडी इथे आल्यावर मिलिटरी हिरवी करून घेऊ, असे तो सुचवतो. पिवळा मला आवडतो, पण या वयात तो शोभेल का, हा प्रश्न आहे. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, गाडी कौलारू मांगरात राहील आणि भोवती कलमे आहेत. चालवणे मुख्यतः ऑक्टोबर ते मे, सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने किंवा आंबा घाटातून कोल्हापूरला. पावसाळ्यात उघडीप मिळाली तरच. कृपया मार्गदर्शन करावे.

— एक बागायतदार

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पांढरा, लाल, नारिंगी आणि हिरवा या चार रंगांबाबत आपण घरातल्या माणसांची मते कळवली आहेत. आपल्या स्वतःच्या पसंतीच्या मॅट काळ्यासाठी मात्र तो डोळ्यांवर येणार नाही एवढे एकच कारण दिले आहे, आणि पिवळा आवडतो असे लिहून त्याच वाक्यात आपण वयाची आडकाठी घातली आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा मजकूर वाचताना आपला जीव टांगणीला लागणार नाही. आपण साधा, म्हणजे धातूचे किंवा मोत्यासारखे चमकणारे कण नसलेला, चकाकीचा पिवळा घ्यावा, आणि मॅट काळा कारखान्यातून रंगवून मुळीच घेऊ नये. गाड्यांच्या रंगकामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि त्यातली बरीचशी कोकणातच गेली आहेत, त्यामुळे हे मत कागदावरचे नाही. तरीही ते माझ्यावर विश्वास ठेवून स्वीकारावे असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या अंगणात त्याची खात्री कशी करून घ्यायची, ते शेवटी लिहितो.

आधी डोळ्यांवर येण्याचा मुद्दा घेऊ. आपण नोंदवलेल्या जातीच्या गाडीची उंची सव्वा मीटरच्याही आत असते, रुंदी दोन मीटरच्या आसपास जाते आणि तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते. ती वाडीच्या वळणावर येण्यापूर्वी तिचा आवाज पऱ्ह्यापलीकडे पोहोचलेला असेल. अशा गाडीला कोणताही रंग दिला तरी ती लपणार नाही. काळ्या रंगाने ती शांत दिसेल ही समजूत मोठ्या शहरातल्या मोटारींना काही अंशी लागू पडते, कारण तिथे काळ्या गाड्यांची गर्दी असते. लाल माती, हिरवी कलमे आणि जांभ्याचे गडगे यांच्यामध्ये मॅट काळा हा सर्वांत उपरा रंग आहे. तो आधी नजरेत भरेल. म्हणजे ज्या कारणासाठी आपण हा रंग घेणार आहात, तेच साधणार नाही, आणि त्याचे तोटे मात्र पुढची कित्येक वर्षे सोसावे लागतील.

ते तोटे नीट समजण्यासाठी गाडीचा रंग कसा बसलेला असतो ते पाहावे लागेल. सर्वांत खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, त्यावर रंगाचा थर, ज्याला बेस कोट म्हणतात, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी ही रचना असते. हे सारे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाचे दोन केस एकमेकांवर ठेवावेत एवढीच, आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा असतो. आपण ज्याला चकाकी म्हणतो ती या वरच्या थराच्या गुळगुळीतपणातून येते. मॅट रंगात हाच वरचा थर मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे त्यावर पडलेला उजेड एका दिशेने परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. चकाकीच्या रंगावर बारीक ओरखडा आला, तर वरच्या थराचा एखाद-दुसरा मायक्रॉन घासून, बफिंग करून तो काढता येतो. मॅटवर बफिंग केले की तो खडबडीतपणाच सपाट होतो आणि तेवढ्या जागी तेलकट हात लागल्यासारखी चमक येते, जी पुन्हा जात नाही. नेहमीचे मेण आणि पॉलिश त्याला चालत नाही, आणि एकाच जागी जोराने कापड घासले तरी तिथे चमक येऊ लागते. डाग पडला तर तो भाग पूर्ण खरवडून पुन्हा रंगवणे एवढाच खात्रीचा उपाय उरतो.

आता आपले अंगण डोळ्यांसमोर आणा. चिकाविषयी आपल्याला मी काही शिकवावे अशी स्थिती नाही. हापूस देठासकट का काढायचा आणि देठ तुटलेल्या फळाच्या सालीवर ओघळाचा काळा डाग कसा पडतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. तोच आम्लधर्मी चीक गाडीच्या बॉनेटवर पडतो, आणि वैशाखातल्या दुपारी तापलेल्या क्लिअर कोटमध्ये तो फार लवकर उतरतो. पाखरांच्या विष्ठेचे वेगळेच असते. उन्हात क्लिअर कोट किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो आणि संध्याकाळी गार होताना आकसतो. मधल्या वेळात त्यावर विष्ठा वाळून घट्ट बसलेली असली, तर आकसणारा थर तिच्या ओबडधोबड पृष्ठभागाचा ठसा घेतो. म्हणून विष्ठा धुऊन काढल्यावरही तिथे निस्तेज डाग राहतो. फळांच्या दिवसांत रात्री कलमांवर येणाऱ्या वटवाघळांचा उपद्रव त्यात मिळवा, शिमग्याला पालखी अंगणात येते तेव्हा उडणारा गुलाल मिळवा. चकाकीच्या रंगावर यातले बहुतेक डाग वेळीच धुतले आणि हलके पॉलिश केले तर जातात. मॅट रंगाची मात्र दर हंगामात एकेक खूण वाढत जाईल, आणि तीन-चार वर्षांनी तो मखमलीसारखा न दिसता मळकट दिसू लागेल.

इतके वाचूनही मन मॅटकडेच ओढ घेत असेल, तर एक वाट आहे. गाडी चकाकीच्या रंगात घ्यावी आणि तिच्यावर मॅट पोताची संरक्षक फिल्म बसवून घ्यावी. ही फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते आणि तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सगळ्या रंगथरांहूनही अधिक असते. चीक पडला तर तो फिल्मवर पडेल, आणि काही वर्षांनी फिल्म काढली की खाली मूळ रंग जसाच्या तसा मिळेल. कारखान्यातून आलेल्या मॅट रंगाला अशी माघार नसते.

काळ्याबाबत आणखी एक बाब राहिली, ती उष्णतेची. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ साली एकाच जातीच्या दोन मोटारी, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात शेजारी उभ्या करून मोजमाप केले होते. चंदेरी गाडीच्या आतली हवा काळीपेक्षा सुमारे ५ ते ६ अंश सेल्सियसने थंड भरली. कोकणातल्या दमट उकाड्यात, दोनच माणसांच्या ठेंगण्या केबिनमध्ये आणि पाठीमागे तापलेले इंजिन असताना हा फरक थोडा नाही. वहिनींचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि पांढऱ्याकडे मी पुन्हा येणार आहे.

रंगाच्या निवडीत सर्वांत कमी विचार होतो तो उजेडाचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त व्हायला हवा तो त्याचाच. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. मोतिया रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकाचे कण असतात. दोन्हींची किमया एकाच तत्त्वावर चालते: उजेड एका बाजूने, थेट आणि प्रखर आला पाहिजे, म्हणजे गाडीच्या वळणावरचे कण चमकून उठतात आणि पलीकडची बाजू गडद पडते. मुलाने निवडलेला नारिंगी भर उन्हात विलक्षण सुंदर दिसतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दुपारी बाराला भाट्याच्या वाळूजवळ ती गाडी उभी केली तर पाहणारा थबकेल. पण आपण गाडी चालवणार सकाळी, जेव्हा आरे-वारेच्या रस्त्यावर डोंगराची सावली असते, किंवा आंबा घाटात, जिथे अर्धा रस्ता झाडीखाली आणि पुष्कळदा धुक्यात असतो. उरलेल्या वेळी ती मांगरात किंवा कलमांच्या सावलीत उभी राहणार, आणि पावसाळ्यातल्या उघडिपीला बाहेर काढलीत तर डोक्यावर राखाडी आभाळ असणार. या प्रत्येक ठिकाणी उजेड चहूबाजूंनी, मऊ, विखुरलेला येतो. अशा उजेडात कणांना चमकायला दिशाच मिळत नाही आणि मोतिया रंग मूळ छटेपेक्षा बराच मंद, कधी तर विटकरी वाटतो. साध्या रंगातले रंगद्रव्य सगळ्या कोनांतून जवळपास सारखेच दिसते, त्यामुळे तो ढगाळ दिवशी मावळत नाही. भर पावसात खाचरातल्या माणसाची पिवळी प्लास्टिकची खोळ लांबूनही कशी ठळक दिसते ते आठवा. पाऊस-धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकचालकाला आपली ठेंगणी गाडी वेळेवर दिसणे ही घाटात जिवाशी निगडित गोष्ट आहे, हेही ध्यानात असू द्या.

उजेडाशी जोडलेला दुसरा मुद्दा आकाराचा आहे. आपण एवढे पैसे ज्या गोष्टींसाठी मोजता आहात त्यांत त्या गाडीचे आकारमान, म्हणजे दारावरची खाच, मागच्या चाकावरची फुगीर वळणे आणि हवा आत घेणारी तोंडे हे मुख्य आहे. काळ्या रंगात सावली दिसत नाही, फक्त प्रतिबिंबे दिसतात, आणि मॅट काळ्यात तर तीही दिसत नाहीत, त्यामुळे लांबून गाडी म्हणजे एक काळी बाह्यरेषा उरते. पांढऱ्यावर प्रखर उन्हात उलटे घडते: सगळे इतके उजळते की बारीक कडा विरघळतात. पिवळा या दोहोंच्या मधला आहे. त्याच्या उजळ भागापुढे खाचेतली सावली स्पष्ट उमटते आणि नजर वळणावरून वळणावर सहज सरकते.

लालाविषयी वडिलांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण ज्यांचे निम्मे आयुष्य लाल एसटीची वाट पाहण्यात आणि तिच्यातून प्रवास करण्यात गेले त्यांच्या मनात तो रंग तिच्याच नावावर लागलेला आहे, आणि त्यात गैर काही नाही. इटालियन गाडीला लाल चिकटला तो शर्यतींमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय शर्यतींत गाड्या देशाच्या रंगात उतरत असत. फ्रान्सला निळा, इंग्लंडला हिरवा, जर्मनीला आधी पांढरा आणि पुढे चंदेरी, तर इटलीला लाल रंग होता. पण इटालियन गाडी म्हणजे लालच, असे मुळीच नाही. फेरारीच्या बोधचिन्हात काळ्या घोड्यामागे जो पिवळा आहे तो मोदेना या शहराचा रंग आहे, आणि लॅम्बोर्गिनीने १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आपली मिउरा ही गाडी मांडली ती नारिंगी होती. त्या भागात पिवळा आणि नारिंगी हे घरचेच रंग आहेत. तेव्हा पिवळा घेतल्याने आपण काही रूढी मोडता आहात असे समजू नका. लाल उन्हात विटतो अशी जी जुनी भीती आहे ती क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांवरून आलेली आहे. त्यांची गुलाबी पडलेली बॉनेटे आपल्याकडे अजून दिसतात. आताच्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात, त्यामुळे त्या कारणासाठी लाल नाकारण्याची गरज नाही. वडिलांना तो नको आहे एवढे कारण पुरेसे आहे.

मिलिटरी हिरव्याचा विचार मात्र आजच सोडून द्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याची वाहने सोडून इतर कोणतेही वाहन ऑलिव्ह हिरव्या रंगात रंगवता येत नाही. दुसरा एखादा गर्द हिरवा चालू शकतो, पण गाडी इथे आल्यावर तिचा रंग बदलायचा म्हटले तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि मुळात कारखान्यातल्या रंगाची सर पुन्हा मारलेल्या रंगाला येत नाही.

नारिंगीबद्दल मुलाला नकार देताना त्याला केवळ उजेडाचे कारण सांगू नका, दुरुस्तीचेही सांगा. तीन थरांच्या मोतिया रंगात खाली अपारदर्शक नारिंगी, मध्ये अभ्रककणांचा अर्धपारदर्शक थर आणि वर क्लिअर कोट असतो. मधल्या थराचे किती हात मारले, गनचा दाब किती होता, हात किती वेगाने फिरला, यावर अंतिम छटा ठरते. त्यामुळे पुढचा बंपर जरी दगडाने टवकला, तरी तो रंगवून शेजारच्या फेंडरशी, म्हणजे चाकावरच्या पत्र्याशी, जुळवण्यासाठी तो फेंडर आणि कधी दारही रंगात घ्यावे लागते. हे काम करणारी अधिकृत कार्यशाळा आपल्याला मुंबईला गाठावी लागेल, म्हणजे गाडी ट्रकवर चढवून तीनशेहून अधिक किलोमीटर न्यायची आणि आणायची. मुंबई-गोवा महामार्गाचा आणि घाटातल्या खडीचा आपल्याला अनुभव आहे, तेव्हा टवका उडेल की नाही हा प्रश्नच नाही, तो केव्हा उडेल एवढेच ठरायचे आहे. साध्या रंगाचा टवका पातळ ब्रशने भरून, वर क्लिअर देऊन, घरच्या घरी पुष्कळसा झाकता येतो.

पिवळ्याची बाजू घेताना त्याची एक मोठी अडचण लपवणे बरोबर होणार नाही. पूर्वी वाहनांच्या पिवळ्यात शिशाचे क्रोमेट वापरत असत आणि ते खालचा थर उत्तम झाकत असे. शिसे विषारी असल्याने ते मागे पडले, आणि आताची पिवळी रंगद्रव्ये आरोग्याला बरी असली तरी झाकण्यात कमकुवत असतात. म्हणून खालच्या प्रायमरची छटा वरच्या पिवळ्याला जुळणारी, कंपनीने सांगितलेलीच असावी लागते. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत अशाच एका पिवळ्या गाडीचे दार नेहमीच्या करड्या प्रायमरवर रंगवलेले मी पाहिले. चार हात मारूनही ते हिरवटच राहिले, आढीतून अर्धे पिकलेले फळ काढावे तसे, आणि शेवटी सगळे खरवडून पहिल्यापासून करावे लागले. त्यामुळे गाडी हाती आली की रंगाचा कोड, त्याची उपछटा आणि प्रायमरची छटा या तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्या आणि कागदपत्रांत जपून ठेवा. टचअपचे साहित्यही गाडीसोबतच मागवा.

जांभ्याच्या धुळीचा हिशेब सोपा आहे. काळ्यावर ती सर्वांत वाईट दिसते, पांढऱ्यावर पहिल्या सरीनंतर दारांवरून तांबडे ओघळ उतरतात, आणि पिवळ्यावर तिचा पातळ थर बराचसा मिसळून जातो. चिखल अर्थात कशावरही दिसतो. समुद्रावरून येणारा खार रात्रीच्या दवाबरोबर गाडीवर बसतो. तो कोरड्या कापडाने कधीही पुसू नका, आधी गोड्या पाण्याने भिजवून वाहू द्या. किनाऱ्याजवळच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि ते उन्हात वाळले की पांढरे ठिपके राहतात, तेव्हा सावलीत धुवा आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्या.

संरक्षक फिल्म आपण पिवळ्यावरही बसवावी, निदान पुढचा भाग, आरसे आणि मागच्या चाकांवरची फुगीर वळणे यांवर तरी, कारण पुढच्या टायरने उडवलेली खडी थेट तिथेच आदळते. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा अतिपातळ पारदर्शक लेप, यामुळे धुणे सोपे जाते, पण ते खडी अडवत नाही, एवढा फरक विक्रेत्याशी बोलताना लक्षात ठेवा. फिल्मच्या उघड्या कडेवर काही महिन्यांत लाल धुळीची रेघ धरते आणि फिकट रंगांवर ती डोळ्यांना टोचते. म्हणून कडा पॅनेलच्या आत दुमडून घ्यायला सांगा, थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील. फिल्म जुनी होताना काही वेळा किंचित पिवळसर पडते. पांढऱ्यावर ती लगेच दिसते, पिवळ्यावर तिचा त्रास सर्वांत कमी.

पांढऱ्याबद्दल वहिनींना माझा निरोप द्या की त्यांचे कारण मला पटलेले आहे, आणि पिवळा आपल्या अंगणात उतरला नाही, तर दुसरी निवड पांढरीच असावी. साध्या पांढऱ्याची दुरुस्ती सोपी, उष्णता सर्वांत कमी आणि ढगाळ उजेडातही तो टिकतो. माझी हरकत एवढीच की आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या इतक्या आहेत की अनेक वर्षे थांबून घेतलेल्या गोष्टीला तो रंग देताना निदान एकदा थांबून विचार करावा. पिवळाही उजळ रंग असल्यामुळे काळ्याइतका तापणार नाही, हे त्यांना सांगायला विसरू नका.

आता वयाविषयी. आपल्याकडे भडक रंग तरुणांचे आणि फिके रंग वयस्कांचे, ही वाटणी कपड्यांपुरती असेल, पण कोकणाने ती इतरत्र कधी पाळलेली नाही. होडीवर निळा, हिरवा, केशरी पट्टा ओढताना म्हातारा तांडेल मागे सरत नाही, आणि शिमग्यात पालखी खांद्यावर घेणाऱ्याला कोणी वय विचारत नाही. शिवाय आपल्या पत्रात स्वतःविषयी लिहिताना आवडतो हे क्रियापद आपण फक्त पिवळ्यासाठी वापरले आहे. मॅट काळा आपल्याला केवळ बरा वाटतो. ५२ व्या वर्षी, स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून, आयुष्यात बहुधा एकदाच घ्यायच्या गाडीला आपण नुसत्या बऱ्या वाटणाऱ्या रंगात रंगवावे, हे मला मनापासून पटत नाही. वाडीतली माणसे पहिले आठ दिवस बोलतील. ती काळ्यावरही बोलतील. नंतर तीच माणसे पाहुण्यांना रस्ता सांगताना आपल्या गाडीची खूण सांगू लागतील.

मी सुरुवातीला म्हटले ते खात्रीचे काम आता सांगतो. संगणकाच्या पडद्यावर रंग ठरवू नका आणि शोरूममधल्या दिव्यांखालीही ठरवू नका. आंब्याची प्रतवारी आपण बल्बखाली करत नाही, उजेडात करतो, तेच इथे करायचे आहे. कंपनीकडे रंगवलेले नमुने मागा, सपाट पट्ट्या नकोत, वळण असलेले आणि निदान तळहाताएवढे हवेत. पिवळा, पांढरा, नारिंगी आणि मॅट काळा असे चारही मागा. ते सकाळी कलमाखाली, दुपारी गडग्यावर, संध्याकाळी आरे-वारेच्या उतारावर आणि रात्री मांगरातल्या दिव्याखाली ठेवून पाहा, आणि प्रत्येक वेळी ते पाणी मारून ओलेही पाहा. वडिलांना, वहिनींना आणि मुलाला रंगाचे नाव न सांगता दाखवा, आणि त्यांचे म्हणणे त्या त्या वेळी लिहून ठेवा.

नमुने मेअखेरपर्यंत हाती येतील असे पाहा, कारण झाडावर शेवटची फळे असेपर्यंतच चिकाची परीक्षा घेता येईल. चारही नमुन्यांवर देठाचा ताजा चीक दोन-दोन थेंब सोडा, दोन दिवस उन्हात ठेवा, मग धुऊन, पुसून, हलके पॉलिश करून पाहा. मॅट काळ्याचा निकाल तिथेच लागेल. पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरतो, आणि मुदत २५ तारखेची आहे, म्हणजे भरून आलेल्या आभाळाखाली उरलेले नमुने पाहायला आपल्याला निदान दहा दिवस मिळतात. तोवर कंपनीने कितीही फोन केले, तरी रंग कळवू नका.

आपला स्नेहांकित,
सदर लेखक